पडद्यावरील पडदा : एका परिभाषेची चिकित्सा

१

संगणकाच्या परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा प्रतिशब्दांच्या अंगाने होतो. इंग्रजी संज्ञेला मराठी पर्याय कोणता द्यावा, तो संस्कृतोद्भव असावा की लोकव्यवहारातला, तो जिभेला जड जातो की काय, या प्रश्नांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मूळ संज्ञाच वस्तुस्थितीशी कितपत प्रामाणिक आहे, आणि ती कोणाच्या जागी उभे राहून घडविली गेली आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात अशाच एका लहानशा संज्ञासमूहाची चिकित्सा करावयाची आहे. अंध व्यक्ती संगणक वापरते तेव्हा त्याच्या पडद्याचे आणि पडद्यामागील प्रकाशाचे काय करावे, यासंबंधीची ही परिभाषा होय. विषय वरवर पाहता तंत्रज्ञांच्या प्रांतातला वाटेल. परंतु या व्यवहारातील घोटाळ्याचे मूळ यंत्रात जितके आहे तितकेच शब्दार्थात आहे, असे आमचे मत आहे. आणि म्हणून भाषाभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अप्रस्तुत ठरू नये.

या विचारास निमित्त झालेला प्रसंग प्रथम सांगणे इष्ट होईल. प्रस्तुत लेखकाच्या मार्गदर्शनाखाली बोलीभाषेचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी पूर्णतः अंध आहे. कोकणातील एका वाडीवर भातशेतीच्या अवजारांची नावे गोळा करण्यासाठी आम्ही गेलो असता गावातील वीज गेलेली होती. विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण व्हावयाचे होते, आणि बॅटरी दुपारपर्यंत पुरवावयाची होती. तिने पडदा काळा करणारी सोय चालू केली आणि खात्रीसाठी लेखकास विचारले. भर उजेडात यंत्राकडे पाहून लेखकाने उत्तर दिले की पडदा बंद आहे. एक वृद्ध आजी नांगराच्या एकेका अवयवाचे नाव सांगत असताना, आमच्या हिशेबाच्या कितीतरी आधी, यंत्र निमाले. पुढचा भाग मिळविण्यासाठी आम्हांस दुसऱ्यांदा जावे लागले. आजींनी सर्व काही पुन्हा सांगितले खरे, परंतु पहिल्या दिवशीचा ओघ त्यात नव्हता.

परतीच्या वाटेवर विद्यार्थिनीने विचारले, "सर, आपण ‘बंद’ म्हणालात ते काळा या अर्थी, की मालवलेला या अर्थी?" अर्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसास हा प्रश्न आपण होऊन सुचावयास हवा होता. पडदा काळा होता. त्यामागील दिवा पूर्ण तेजाने जळत होता. दोष त्या सोयीचा नव्हता. आम्ही वापरलेल्या शब्दाचा होता.

२

‘पडदा’ हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि येथे चांगलाच रुजला. मराठीत त्याचे दोन अर्थ आज शेजारी शेजारी नांदतात. एक, झाकण्यासाठी आडवे धरलेले वस्त्र. दुसरा, ज्यावर चित्र उमटते ते पृष्ठ. दाराचा पडदा पहिल्या अर्थाचा, तर चित्रपटाचा रुपेरी पडदा दुसऱ्या अर्थाचा. एक दृश्य लपवितो, दुसरा दृश्य दाखवितो. आणि तरीही शब्द एकच. इंग्रजीत या दोन वस्तूंना दोन स्वतंत्र नावे आहेत. त्यामुळे संगणकात ‘स्क्रीन कर्टन’ नावाची जी सोय आहे, तिचे भाषांतर मराठीत करू गेल्यास ‘पडद्याचा पडदा’ असा चमत्कारिक समास तयार होतो. ऐकणाऱ्यास तो विनोद वाटेल. परंतु या विनोदाने मूळ संज्ञेतली एक फट उघडी केली आहे, आणि तिच्यातूनच आपणास आत पाहावयाचे आहे.

पडदा टाकणे, पडदा उघडणे, पडद्याआड जाणे, एखाद्या प्रकरणावर पडदा पडणे, हे सर्व वाक्प्रचार समोर बसलेला एक पाहणारा गृहीत धरतात. पडदा पडतो तो प्रेक्षकांच्या दृष्टीने. रंगमंचावर त्या वेळी दिवे लागलेलेच असू शकतात. संगणकाच्या पडद्यावर ‘पडदा’ पडला म्हणजे शेजारून डोकावणाऱ्या डोळस माणसास काही दिसेनासे होते. स्वतः अंध वापरकर्त्याच्या अनुभवात मात्र काहीच बदलत नाही. त्याच्यासाठी तयार केलेल्या सोयीचे नाव अशा रीतीने त्याच्या शेजाऱ्याच्या जागेवरून पडले आहे.

गोपनीयतेच्या दृष्टीने हे नाव यथार्थ आहे, हे मान्य केले पाहिजे. आगगाडीत बसून खासगी पत्र वाचणाऱ्या अंध प्रवाशास आपल्या खांद्यावरून कोण पाहत आहे, हे कळण्याचा मार्ग नसतो. त्याचे पत्र त्याच्या कानात बोलत असते, आणि तेच पत्र पडद्यावर सर्वांस उघडे असते. तेथे पडदा हवाच. आमचा आक्षेप इतकाच की लपविण्याच्या कृतीचे हे नाव बचतीच्या कृतीलाही लागू आहे, असा समज सर्रास पसरला आहे.

‘पडदावाचक’ या संज्ञेचाही येथे विचार करणे अवश्य आहे. अंध व्यक्तीस संगणकावरील मजकूर ऐकविणाऱ्या प्रणालीस ‘स्क्रीन रीडर’ म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात, जिम थॅचर यांनी आयबीएम कंपनीत डॉस या कार्यप्रणालीसाठी अशी प्रणाली तयार केली, त्या काळी हे नाव सार्थ होते. तेव्हाचा पडदा म्हणजे ८० स्तंभ आणि २५ ओळी, एकूण २००० अक्षरांची चौकट. ती अक्षरे यंत्राच्या स्मृतीत जशीच्या तशी असत, आणि प्रणाली ती वाचून दाखवी. पुढे चित्रमय पडदे आले. आजची प्रणाली पडद्यावरील ठिपके मुख्यतः वाचीत नाही. खिडकी, कळ, यादी, परिच्छेद अशा घटकांचा जो एक अदृश्य वृक्ष कार्यप्रणाली तिच्यापुढे ठेवते, त्याच्या फांद्यांवरून ती फिरते. त्या वृक्षास प्रकाशाची गरज नसते. पडदा काळा असो वा दिवा मालवलेला असो, वाचन चालूच राहते. अर्थात ‘पडदावाचक’ हे नाव टिकले आणि अर्थ मात्र सरकला. शब्दांच्या इतिहासात ही नित्याची गोष्ट आहे. पण येथे तिचा परिणाम असा झाला की वाचनास पडदा लागतोच, असा डोळस माणसाचा ग्रह त्या नावानेच दृढ झाला.

३

आता यंत्राकडे वळू. पडद्यांच्या दोन जाती येथे वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली जात द्रवस्फटिकांच्या, म्हणजे एलसीडी पडद्यांची. यातील स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. त्यांच्यामागे एक दिवा सतत जळत असतो, आणि स्फटिक हे त्या दिव्यापुढील अगणित झडपांसारखे वागतात. काळा रंग दाखवावयाचा म्हणजे झडपा मिटावयाच्या. दिवा तसाच राहतो. कंदिलावर घोंगडी टाकली म्हणून तेल वाचत नाही, तसाच हा प्रकार आहे. काही यंत्रांत चित्राचा काळेपणा पाहून मागील दिवा थोडा मंद करण्याची योजना असते. परंतु ती स्वतंत्र योजना होय, पडद्याचा गुण नव्हे.

दुसरी जात ओएलईडी पडद्यांची. यांत प्रत्येक ठिपका स्वतःच प्रकाशतो. काळा ठिपका म्हणजे न पेटलेला ठिपका. येथे काळे करणे आणि मालविणे या दोन क्रिया जवळजवळ एकरूप होतात. आयफोनमालिकेत असा पडदा प्रथम २०१७ साली आला. पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये अशा पडद्यांच्या भ्रमणध्वनींवर केलेल्या मापनांत असे दिसले की, पूर्ण दीप्ती ठेवून पांढऱ्या पार्श्वभूमीऐवजी काळी घेतल्यास सरासरी ३९ ते ४७ टक्के शक्ती वाचते. दीप्ती ३० ते ५० टक्क्यांवर असेल, तर मात्र बचत ३ ते ९ टक्क्यांपुरतीच उरते. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. काळेपणाची किंमत पडद्याच्या जातीवर अवलंबून आहे. आणि ती जात कळली तरी दीप्ती किती होती, हे कळल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

लॅपटॉपचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहावा. बॅटरीची धारणा ५० वॅट-तास आहे, लिहिण्यावाचण्याच्या कामात यंत्र ८ वॅट खाते, आणि त्यांपैकी ३ वॅट एलसीडी पडद्याच्या दिव्याचे आहेत, असे समजू. बॅटरी सव्वासहा तास पुरेल. दिवा खरोखर मालवला तर खर्च ५ वॅटांवर येईल आणि तीच बॅटरी १० तास चालेल. नुसता काळा पडदा ओढला, तर मागचा दिवा मंदावत नाही तोवर उत्तर सव्वासहा तासांच्या आसपासच राहील. पावणेचार तासांचा हा फरक ‘काळा’ आणि ‘मालवलेला’ या दोन विशेषणांमधील फरक आहे.

एनव्हीडीए या विनामूल्य वाचकप्रणालीच्या २०१९.३ या आवृत्तीत, जी २०२० च्या आरंभी प्रसिद्ध झाली, विंडोजसाठी ही पडद्याची सोय आली. ती वापरू जाता पडदा संपूर्ण काळा होईल, अशी पूर्वसूचना प्रणाली देते. ही सूचना अक्षरशः खरी आहे. ‘काळा’ यापलीकडे ती काही वचन देत नाही. उलट आयफोनच्या मार्गदर्शिकेत व्हॉइसओव्हरमधील याच नावाच्या सोयीविषयी असे सांगितले आहे की, ती चालू असता दर्शक बंद असतो आणि आशय मात्र जागा राहतो. नाव एक, आणि एके ठिकाणी अर्थ ‘काळा’, तर दुसऱ्या ठिकाणी ‘बंद’. फोनवर जे शिकले ते लॅपटॉपवर लागू करणाऱ्या माणसाची फसगत झाली, तर दोष त्याच्या बुद्धीस देता येणार नाही.

४

पडद्याखेरीज आणखी दोन नियंत्रणे आहेत, तीही तपासली पाहिजेत.

पहिले दीप्तीचे. ते शून्यापासून शंभरापर्यंतच्या अंकांत व्यक्त होते. मॅकबुकवर दीप्ती अगदी तळाला नेली म्हणजे मागचा दिवा मालवतो. विंडोजच्या अनेक लॅपटॉपांवर मात्र शून्य म्हणजे अत्यल्प दीप्ती. दिवा मंदपणे जळतच राहतो. डोळस माणूस आकडा वाचीत नाही, पडदा पाहतो. म्हणून शून्य खरोखर शून्य आहे की नाही, याची त्यास फिकीर नसते. अंध माणसास आकडा हाच एकमेव पुरावा असतो, आणि नेमका तोच पुरावा सैल आहे. त्यात भर अशी की, कळफलकावरील दीप्तीची कळ दाबली असता होणारा बदल पुष्कळदा केवळ चित्राने दाखविला जातो, बोलून सांगितला जात नाही. बॅटरी किती टक्के उरली, हे वाचकप्रणालीस विचारता येते. ती कशापायी खर्च होत आहे, हे त्या उत्तरात येत नाही.

दुसरे नियंत्रण कालमर्यादेचे. अमुक मिनिटे काही हालचाल न झाल्यास पडदा बंद करावा, अशी आज्ञा यंत्रास देऊन ठेवता येते. ही मर्यादा एका मिनिटावर आणली तरी अंध वापरकर्त्याचे काम भागत नाही, कारण पुढची कळ दाबताच पडदा पुन्हा उजळतो. तो लिहीत असेल तोवर दिवा जळत राहणार. याउलट, तो दीर्घ लेख ऐकत स्वस्थ बसला असेल, तर यंत्र त्यास गैरहजर समजते. पडदा मालवते, आणि वेगळी तरतूद नसेल तर पुढे स्वतःही निद्रिस्त होते. अखंड वाचन चालू असता यंत्रास निद्रा येऊ नये, अशी तजवीज वाचकप्रणालींच्या कर्त्यांना मुद्दाम करावी लागली, ती याचमुळे.

या दोन्ही नियंत्रणांच्या मुळाशी एकच समीकरण आहे : काम करणारा माणूस म्हणजे पाहणारा माणूस. ज्याअर्थी कळ दाबली त्याअर्थी त्यास प्रकाश हवा. ज्याअर्थी हात स्वस्थ आहेत त्याअर्थी तो निघून गेला. ‘मी येथे आहे, काम करीत आहे, आणि मला दिवा नको आहे’ हे साधे वाक्य या परिभाषेत रचताच येत नाही. त्यातील तीन उपवाक्ये एकमेकांशी सुसंगत आहेत, ही कल्पनाच ती नियंत्रणे योजणाऱ्यास शिवलेली दिसत नाही. म्हणून अंध वापरकर्ते आडवाटा शोधतात. लॅपटॉपचे झाकण मिटले असता यंत्राने काहीही करू नये, अशी योजना करून बाहेरचा कळफलक जोडतात. दिवा मालवतो खरा. परंतु स्वतःच्या यंत्राचा कळफलक मिटवून दुसरा बाळगावा लागतो, आणि झाकण मिटलेल्या यंत्राच्या उष्णतेची काळजी वेगळीच.

अलीकडील यंत्रांत हे समीकरण अधिकच घट्ट झाले आहे. विंडोज ११ मध्ये, योग्य ते संवेदक असलेल्या यंत्रांवर, वापरणाऱ्याने नजर वळविली म्हणजे पडदा मंद करण्याची सोय आहे. आयफोनवर चेहरा ओळखताना डोळे पडद्याकडे आहेत की नाहीत, हे तपासले जाते, आणि त्या अटीस इंग्रजीत ‘अवधान’ या अर्थाचा शब्द योजला आहे. फोन प्रथम सिद्ध करतानाच व्हॉइसओव्हर वापरले असेल, तर ही अट मुळात लागू होत नाही. हा विवेक कर्त्यांनी दाखविला, याची नोंद केली पाहिजे. परंतु अपवाद केल्याने व्याख्या बदलत नाही. दृष्टी म्हणजे अवधान, ही व्याख्या तशीच राहिली.

मराठी वाचकास ही व्याख्या विशेष खटकावी. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधानाची मागणी केली आहे. ती कानाची आणि मनाची मागणी आहे. वक्त्याकडे टक लावून पाहण्याची नव्हे. कीर्तनात डोळे मिटून बसलेला म्हातारा झोपला आहे की सर्वांत अधिक ऐकत आहे, हे नुसत्या डोळ्यांवरून ठरविण्याची घाई आपल्या परंपरेने केली नाही.

५

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अंध व्यक्तींनाही पडद्याचा उपयोग असतो. हा आक्षेप सत्य आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील व्याख्येप्रमाणे, योग्य चष्मा लावूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असल्यास ती व्यक्ती अंध गणली जाते. दृष्टीचा संपूर्ण अभाव ही त्यातील केवळ एक अवस्था होय. कोणास आकृतीचा अंदाज येतो, कोणास नुसता उजेड कळतो, कोणास तोच उजेड बोचतो. शिवाय अडचणीच्या वेळी शेजारच्या डोळस माणसास पडदा दाखवावा लागतो. म्हणूनच ‘अंध वापरकर्ता, सबब पडदा बंद’ असा सरसकट नियम आम्ही सुचवीत नाही. असा नियमही त्याच चुकीची दुसरी बाजू ठरेल. निर्णय वापरणाऱ्याने करावा, आणि तो करता यावा म्हणून नियंत्रणांनी खरे बोलावे, एवढेच मागणे आहे.

दुसरा आक्षेप असा की, शब्द बदलून बॅटरी वाढत नाही. हेही खरे. परंतु दोन भिन्न क्रियांना एकच नाव असेल, तर त्यांतील एक क्रिया उपलब्ध नाही, ही उणीवच कोणाच्या ध्यानात येत नाही; आणि जी उणीव ध्यानात येत नाही, तिची मागणीही होत नाही. नाव वेगळे झाले म्हणजे निदान विचारता येते : या यंत्रात दिवा मालविण्याची सोय आहे काय?

मराठीपुरते बोलावयाचे तर आमची सूचना अशी आहे. ‘पडदा बंद करणे’ हा मोघम प्रयोग या संदर्भात टाळावा. मजकूर इतरांच्या नजरेआड करणे, या क्रियेस ‘चित्र झाकणे’ म्हणावे. मागील प्रकाश नाहीसा करणे, या क्रियेस ‘दिवा मालवणे’ म्हणावे. दोन्ही प्रयोग घरगुती आहेत, ऐकताच कळतात, आणि वाचकप्रणालीच्या आवाजात एकमेकांशी गोंधळत नाहीत. ज्या परिभाषेचा मुख्य ग्राहक ती केवळ ऐकणार आहे, तिच्या बाबतीत हा शेवटचा गुण गौण मानता येणार नाही. नियंत्रणांच्या कर्त्यांकडे मागणे याहून थोडे अधिक आहे : दिव्याची अवस्था बॅटरीच्या टक्क्यांप्रमाणेच विचारता यावी, शून्याचा अर्थ सर्वत्र एक असावा, आणि कळ दाबल्याने दिवा पुन्हा पेटणार नाही, असे यंत्रास सांगून ठेवता यावे.

तोवर डोळस सोबत्यांवर एक लहानशी जबाबदारी आहे. अंध सहकाऱ्याने पडद्याविषयी विचारले असता दिसेल ते नाव घाईने देऊ नये. पडद्यावर हाताची सावली धरून, किंवा खोलीतील उजेड कमी करून, काळ्या पृष्ठाआडून फिकट प्रकाश पाझरतो आहे काय, ते पाहावे. आणि पाझरत असल्यास ‘काळा आहे, पण दिवा जळतो आहे’ असे पूर्ण वाक्य उच्चारावे. प्रस्तुत लेखकाने त्या दुपारी एवढे केले असते, तर नांगराच्या उरलेल्या अवयवांची नावे त्याच बैठकीत, आजींच्या त्याच ओघात, मुद्रित झाली असती.